मे महिन्यात खान्देशातच सुट्टी : केळीच्या बागेतील मातीच्या घरात चार रात्री

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही विश्रांतीसाठी यावल तालुक्यात चाललो आहोत, असे कार्यालयात सांगितले तेव्हा दोघे हसले आणि तिसऱ्याने घरी सगळे ठीक आहे ना, अशी काळजीने चौकशी केली. जळगावची माणसे या दिवसांत महाबळेश्वरला, माउंट अबूला, गेला बाजार तोरणमाळला जातात. भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा खान्देशातून खान्देशात सुट्टीवर जाणाऱ्याला शहाणे कोण म्हणणार? पण आईचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, तिला घाटातील वळणे सोसत नाहीत आणि दहा तासांचा प्रवास करून पोहोचल्यावर पहिले दोन दिवस ती आजारीच असते, हे मागील दोन सुट्ट्यांमध्ये आम्ही अनुभवले होते. म्हणून यंदा घरापासून दीड तासावर, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागेत असलेल्या एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही चार रात्री राहिलो. त्या मुक्कामाचा हा अभिप्राय आहे.

ठिकाणाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. पाच खोल्यांचा हा व्यवसाय एकच कुटुंब चालवते, आणि पुढे मी ज्या तक्रारी मांडणार आहे त्या मालकांना तोंडावर सांगून झाल्या आहेत. त्या परिसरात अशी आणखी घरे असतीलच, आणि त्यांपैकी एखादे निवडताना काय पाहावे हे सांगणे मला नावापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते. माझ्या मते उन्हाळ्यातील मुक्कामाचे ठिकाण सकाळच्या दृश्यावरून किंवा रात्रीच्या जेवणावरून ठरवू नये. दुपारी बारा ते पाच या वेळात ते तुम्हाला कसे ठेवते, एवढेच पाहावे. आमच्या मुक्कामाचे ठिकाण या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले, मात्र पहिल्याच दिवशी ते नापास होता होता राहिले.

कारण असे की, खोली दुपारी एक वाजता मिळेल, असे मालकांनी दूरध्वनीवर सांगितले होते. शहरातील लॉजची ही वेळ त्यांनी कोठून उचलली कोण जाणे, परंतु मे महिन्यात खान्देशात दुपारी एकला पाहुणा बोलावणे म्हणजे त्याला बाराच्या उन्हात रस्त्यावर काढणे होय. आम्ही साडेअकराला निघालो, भुसावळ ओलांडले, तापीच्या पुलावर आलो तेव्हा नदीच्या पात्रावरून येणारा वारा गाडीच्या काचेतून तव्यावरून आल्यासारखा लागत होता, आणि यावलच्या पुढे रस्त्याचे काम चालू असल्याने अर्धा तास जागच्या जागी थांबावे लागले. गाडीतील वातानुकूलन आईच्या पायापर्यंत पोहोचत नव्हते. पोहोचल्यावर अंगणात बसलेल्या मालकांच्या आईने, ज्यांना घरात सगळे जीजी म्हणतात, पहिला प्रश्न केला तो असा : “इतक्या उन्हाचं कोणी निघतं का?” मी मालकांकडे पाहिले, मालकांनी जमिनीकडे पाहिले. परतीच्या वेळी त्यांनी स्वतःहून पहाटे निघण्याची व्यवस्था केली आणि यापुढे उन्हाळ्यात पाहुण्यांना सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी सहानंतरच बोलावू, असे सांगितले. ते पाळतात की नाही, हे पुढील वर्षी कळेल.

आता घराविषयी सविस्तर लिहितो, कारण पैसे द्यायचे असतील तर ते या घरासाठी द्यावेत. चार खोल्या जुन्या धाब्याच्या घरात आहेत. ज्यांनी धाब्याचे घर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, या घराला कौले किंवा पत्रे नसतात. लाकडी सरांवर, म्हणजे मोठ्या तुळयांवर, कड्या, कड्यांवर लाकडाच्या बारीक फळकुटांचे किलचन आणि त्यावर मातीचा हातभर जाड थर देऊन सपाट छत केलेले असते आणि सर्वांत वर पांढरट खारी माती पसरलेली असते, जिच्यातून पावसाचे पाणी सहसा आत उतरत नाही. भिंतीही मातीच्या, आणि त्या इतक्या जाड की खिडकीच्या कठड्यावर माझा अकरा वर्षांचा मुलगा मांडी घालून बसत असे. अशी भिंत ऊन अडवते म्हणजे ती उष्णता आत येऊच देत नाही, असे नव्हे. ती उष्णतेला उशीर करते. दुपारी बाहेरच्या अंगाला लागलेली झळ आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते.

मला मोजमापाची खोड आहे, त्यामुळे एक लहानसा तापमापक मी बरोबर नेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता ओट्यावरील सावलीत तो ४३ अंश सेल्सिअस दाखवत होता आणि त्याच वेळी आमच्या खोलीत, पंखा बंद असताना, साडेतेहेतीस. दारे-खिडक्या सकाळी नऊलाच लावून घेण्याचा येथे दंडक आहे. पहिल्या दिवशी माझ्या पत्नीने हवा यावी म्हणून खिडकी उघडली तेव्हा वहिनींनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, येऊन ती नम्रपणे, पण ठामपणे लावली. त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा दहा अंशांनी तापलेली असताना खिडकी उघडणे म्हणजे चुलीचे तोंड आत वळवून घेणे आहे. मात्र रात्री आठ-नऊच्या सुमारास हेच घर आतून उबायला लागते, कारण दिवसभर अडवून ठेवलेली उष्णता भिंती आता सोडत असतात. जुन्या माणसांनी त्यावर उपाय केलेलाच होता. दिवसा घरात राहायचे आणि रात्री घराबाहेर निजायचे. या घरात पाहुण्यांनाही तसेच वागवतात, आणि यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो.

पाचवी खोली मात्र निराळी आहे, आणि ती सर्वांत महाग आहे. गेल्या वर्षी मालकांनी विटांच्या भिंती उभारून, वर पत्रे टाकून आणि आतून नक्षीदार छत लावून एक ‘डिलक्स’ खोली बांधली व तिला एसी बसवला. नाशिकहून आलेल्या माझ्या बहिणीने व मेहुण्यांनी हौसेने तीच घेतली. पहिल्या दुपारी सव्वादोनला वीज गेली. वीसएक मिनिटांत त्या खोलीत बसवेना, आणि मी तापमापक आत ठेवून आलो तर काटा ४१ वर होता. वीज आली तरी व्होल्टेज इतके कमी की एसी घरघरून बंद पडत असे. दोन दिवस मेहुणे दुपारी आमच्या खोलीत येऊन जमिनीवर चटई टाकून झोपले आणि भाडे मात्र पत्र्याच्या खोलीचे भरत राहिले. पत्र्याला उशीर करणे माहीत नाही. जे ऊन वर पडते ते तो त्याच क्षणी खाली पाठवतो. येथे जाणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला असा की जास्त पैसे देऊन ही खोली घेऊ नये.

चार जुन्या खोल्यांना कूलर आहेत आणि ते योग्य जागी, म्हणजे खिडकीच्या बाहेर सावलीत, बसवलेले आहेत. कूलर काय करतो, तर कोरड्या हवेत पाणी वाळवून ती हवा थंड करतो. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत हवा कमालीची कोरडी असल्याने हे यंत्र येथे जेवढे चालते तेवढे मुंबईत कधीही चालणार नाही. परंतु आत आलेली दमट हवा बाहेर जायला वाट हवी, म्हणून समोरचे दार वीतभर उघडे ठेवावे लागते. शेजारच्या खोलीतील एक गृहस्थ एसीच्या सवयीने सगळे बंद करून बसले आणि अंग चिकट झाल्याची तक्रार घेऊन बाहेर आले. दार किलकिले केल्यावर त्यांची तक्रार राहिली नाही. कूलरच्या टाकीत डासांची पैदास होते, आणि डेंग्यूचा डास साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी लागते. आमच्यासमोर शनिवारी ती घासली गेली. मी विचारलेही नव्हते.

पाण्याची व्यवस्था निम्मी चांगली आणि निम्मी वाईट म्हणावी लागेल. पिण्याचे पाणी ओट्याच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या वाटेवर ठेवलेल्या तीन माठांत असते, आणि माठ दरवर्षी आखाजीला नवे आणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याच सुमारास घरचा माठही बदलला जातो, हे सोयीचे आहे, कारण जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात आणि पाणी पाझरणे थांबले की गार होणेही थांबते. जीजी माठाला बाहेरून हात लावून पाहत असत. ओला लागला तर ठीक, कोरडा लागला तर तो माठ झाडाखाली पाखरांसाठी. वाळ्याची जुडी एकाच माठात टाकलेली होती, कारण तो वास सर्वांना चालत नाही, एवढा विचार त्यामागे होता.

न्हाणीघराचे पाणी मात्र छतावरील काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून येते. दुपारी तीनला मी नळ सोडला आणि हात मागे घेतला. तक्रार केल्यावर मालक म्हणाले की टाकीवर पोते टाकायचे राहून गेले. आईने मात्र तक्रार केली नाही. तिने पहिल्याच रात्री दोन बादल्या भरून, झाकून न्हाणीत ठेवल्या आणि दुसऱ्या दुपारी आपण एकटीच गार पाण्याने अंग धुऊन आली. तिसऱ्या दिवसापासून सर्व खोल्यांमध्ये बादल्या रात्रीच भरल्या जाऊ लागल्या.

दुपारचे वेळापत्रक येथे कोणी भिंतीवर लिहून लावलेले नाही, पण ते कडक आहे. साडेअकराला जेवण, बाराला सर्व दारे बंद, आणि त्यानंतर चारपर्यंत घरात आवाज नाही. दूरदर्शन संच नाही. मुलांना पत्ते आणि सोंगट्या मिळतात, परंतु ओट्यावर येण्याची परवानगी मिळत नाही. पावणेपाचला ताकाचा तांब्या येतो, चहा मागितला तरच. शहरात आपण दुपार नसल्यासारखे वागतो. चार दिवस दुपारी तीन-साडेतीन तास अंधाऱ्या, गारव्याच्या खोलीत पडून राहिल्यावर माझ्या लक्षात आले की गेल्या कित्येक सुट्ट्यांमध्ये मी विश्रांती म्हणून जे घेत होतो ते केवळ ठिकाण बदलून केलेले काम होते.

एकदाच हा दंडक मोडला, आणि तो आमच्याच मुलाने. तिसऱ्या दिवशी सकाळी सालदाराच्या मुलांबरोबर तो बागेच्या पलीकडील मोकळ्या जागेत क्रिकेट खेळायला गेला आणि साडेअकरा वाजून गेले तरी आला नाही. आला तो चेहरा पांढरा करून, पोटऱ्यांत गोळे आलेले, ओट्याची पायरी चढताना त्याला उलटी झाली. अंगातील सदऱ्यावर पाठीशी मिठाचे पांढरे वेढे उमटलेले होते. आपल्याकडच्या कोरड्या हवेचा हा फसवेपणा आहे. कोकणात घाम निथळताना दिसतो, येथे तो फुटताक्षणी वाळतो आणि अंगातून किती पाणी व मीठ गेले ते समजतच नाही. सकाळपासून त्याने एक बाटली थंड पेय तेवढे घेतले होते.

वहिनींनी त्याला माजघरात आडवे केले, पायांखाली उशी दिली, सदरा काढून ओले सुती पातळ अंगावर टाकले आणि पंखा त्याच्याकडे वळवला. मी ताप मोजला, तो ३८.४ अंश होता. तो नीट बोलत होता, आपले नाव, वार, खेळातील धावसंख्या सगळे सांगत होता, आणि त्वचा ओलसर होती, म्हणून हा उष्माघात नसून त्याआधीची पायरी आहे, असे आम्ही मानले. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले असते, तो असंबद्ध बडबडू लागला असता किंवा हाकेला ओ देत नसता, तर एक मिनिटही न घालवता १०८ क्रमांकाला दूरध्वनी करून गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहणे आणि मान, काखा, जांघा येथे बर्फ लावणे, एवढेच हातात असते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात अशा वेळी पाणी घालायचे नसते, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. सुदैवाने आमच्यावर ती वेळ आली नाही. स्वयंपाकघरातील फळीवर ओआरएसची पाकिटे होती, एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात विरघळवून त्याला दर दोन-तीन मिनिटांनी दोन-दोन घोट दिले, आणि सव्वा तासाने तो उठून बसला व भूक लागल्याचे सांगू लागला. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण चालते. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवायचे नाही. त्याच फळीच्या वर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक मोठ्या अक्षरांत खडूने लिहिलेला होता. पाहुण्यांचे ठिकाण निवडताना मी यापुढे हे आधी विचारणार आहे.

जीजींनी त्या दिवशी संध्याकाळी मुलाच्या खिशात कांदा ठेवला. खिशातील कांद्याने शरीर थंड होत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यानंतर निघेपर्यंत मुलगा खिसा सांभाळत बेताने चालत होता, पळाला नाही, तेव्हा कांद्याने आपले काम केलेच.

आईच्या बाबतीत मात्र आम्ही निघण्याआधी डॉक्टरांना भेटून आलो होतो. तिला रक्तदाबासाठी जी गोळी आहे तिच्याने लघवीवाटे पाणी व क्षार जातात, आणि कडक उन्हाळ्यात अशा रुग्णांना कोरड पडण्याचा धोका अधिक असतो. डॉक्टरांनी मात्रा किती ठेवायची आणि दिवसाला पाणी किती प्यायचे ते लिहून दिले, आणि मिठाचे पाणी किंवा ओआरएस तिने मनाने घेऊ नये, असेही बजावले. वयस्कर माणसांना तहान उशिरा कळते, त्यामुळे तांब्या तिच्या उशाशी ठेवून दर तासाला आठवण करण्याचे काम आम्ही मुलीकडे दिले होते. मुलीने ते इतक्या इमानाने केले की आई शेवटी वैतागली.

जेवणाबद्दल माझे मत संमिश्र आहे. पहिल्या रात्री ताटात शेवभाजी आली, लाल तर्रीची, बोटभर तेल वर तरंगणारी. चवीला ती उत्तम होती यात शंका नाही, पण चाळीस अंशांतून निघालेल्या पोटाला ती का द्यावी, असे मी विचारले. “पाहुण्यांना तेच लागतं, नाहीतर म्हणतात खान्देशी जेवण मिळालं नाही,” असे वहिनींचे उत्तर होते. त्यांचा दोष नाही. आपणच बाहेरून येणाऱ्यांना खान्देश म्हणजे तिखट आणि तेल असे शिकवून ठेवले आहे. आईने दुसऱ्या दिवशी थेट स्वयंपाकघर गाठले आणि घरची माणसे काय जेवतात ते विचारले. ज्वारीच्या कण्या आणि ताक, मुगाची पातळ डाळ, काकडी, कांदा, कैरीची चटणी असे ते जेवण होते. त्यानंतर आम्ही तेच मागितले, आणि वहिनींचाही त्रास कमी झाला. ताटात दिसणारी ती कमी खर्चाची चीज असल्यामुळे त्यांना ती पाहुण्यांपुढे ठेवायला संकोच वाटत होता, एवढेच.

एका दिवसाचा अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, अंगणातील चुलीवर खापर पालथे घालून वहिनी आणि त्यांच्या जाऊबाईंनी मांडे केले. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांच्या उलट्या पंजांवर झेलत, फिरवत त्या तो कोपरापर्यंत पातळ करत नेतात आणि मग एका झटक्यात तापलेल्या खापरावर टाकतात. माझी मुलगी तासभर तेथून हलली नाही. बरोबर गावठी आंब्यांचा रस होता, पातळ, थोडा आंबट, आणि त्यात सुंठीची चिमूट व तूप. साडेअकरा वाजता हे जेवण झाल्यावर दुपारच्या झोपेसाठी कोणाला आग्रह करावा लागला नाही.

सकाळ हा या मुक्कामाचा सर्वांत देखणा भाग आहे, आणि मालक तो फार कौतुकाने दाखवतात. साडेपाचला बागेत शिरले की पाने अजून पूर्ण ताणलेली असतात. नऊनंतर ऊन वाढले की केळीचे पान मधल्या शिरेवर मिटते आणि दोन्ही पाती खाली लोंबू लागतात. ऊन अंगावर कमी घेण्याची ही झाडाची युक्ती आहे, आणि मालकांच्या मते त्यावरूनच गड्यांना किती वाजले ते कळते. बागेच्या कडेने शेवरीचे दाट कुंपण आहे, कारण मे महिन्यातील उष्ण वारा पाने फाडतो आणि जूनच्या तोंडाशी येणारे वादळ घडासह झाड आडवे करते. सकाळी अकरा वाजता बागेच्या आत माझा तापमापक ३६ आणि बाहेर रस्त्यावर ३९ दाखवत होता. ठिबकचे पाणी आणि पानांतून सतत बाहेर पडणारी वाफ यांचा हा परिणाम असला तरी आत दमटपणाही जाणवतो, म्हणून दुपारी बागेत बसण्याची कल्पना दिसते तितकी सुखाची नाही.

मोटर चालू असण्याची वेळ विजेच्या पाळीवर ठरते. आमच्या मुक्कामात ती पहाटेची होती, त्यामुळे सहा वाजता हौदावर चार इंची नळाच्या धारेखाली बसून अंघोळ करण्याचे सुख मुलांना तिन्ही सकाळी मिळाले. उन्हाळ्यात जमिनीखालचे पाणी गार लागते आणि हिवाळ्यात कोमट, हे मुलाला तेथे प्रथमच समजले. मेहुण्यांना तर त्या धारेखालून उठवावे लागत असे.

रात्री खाटा धाब्यावर नेतात. दिवसा तेथे धोतरांवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या असतात, संध्याकाळी त्या गोळा होतात आणि त्याच जागी गोधड्या पसरतात. पहिल्या रात्री तीळ आणि लसणाचा तो वास अंथरुणाला येत होता. आकाश निरभ्र असल्याने मातीचे छत आपली उष्णता वर सोडून देते, आणि पहाटे चार वाजता तापमापक २६ वर आलेला असतो. आम्हाला पायाशी चादर घ्यावी लागली, हे मी मे महिन्यातील खान्देशाबद्दल लिहीत आहे. मच्छरदाण्या स्वच्छ होत्या. तक्रार आहे ती जिन्याची. तो लाकडी, उभा आणि कठड्याविना आहे. आईला तो चढणे शक्यच नव्हते आणि रात्री लघवीला उठणाऱ्या कोणालाही तो धोक्याचा आहे. तिची खाट अंगणात लिंबाखाली टाकली, जेथे आखाजीचा झोका अजून बांधलेला होता, आणि जीजींनी आपली खाट तिच्या शेजारी आणली. त्या दोघी काय बोलत होत्या ते वरून ऐकू येत नव्हते, पण बाराच्या आधी बोलणे थांबले असे एकही रात्र झाले नाही.

आसपास पाहण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. मनुदेवीचे देवस्थान जवळ आहे, परंतु तेथील धबधबा पावसाळ्यातच पाहावा. उनपदेवचे गरम पाण्याचे झरे मे महिन्यात पाहायला जाण्याचा उत्साह आमच्यापैकी कोणाकडे नव्हता. रावेर तालुक्यातील पाल सातपुड्यात, यावल अभयारण्याच्या परिसरात आहे आणि तेथे सायंकाळी बरे वाटते. आम्ही एकदा गेलो. ज्यांना खरोखर थंड हवाच हवी आहे त्यांनी तोरणमाळला जावे, कारण दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि तोरणमाळ त्याहून उंच आहे. या मुक्कामाला त्याच्याशी स्पर्धा करायची नाही.

खर्चाचे म्हणाल तर जुन्या खोल्यांना जेवणासह माणशी दिवसाला १,८०० रुपये आणि मुलांना निम्मे आकारले जातात. माझ्या दृष्टीने हे वाजवी आहे. पत्र्याच्या खोलीचे माणशी २,६०० होतात. हिशेबाच्या वेळी मेहुण्यांनी एसी चाललाच नाही याची आठवण केली. मालकांनी थोडी घासाघीस करून दोन दिवसांचा फरक सोडला आणि पत्र्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, व मातीचा थर टाकता येईल का, हे गवंड्याला विचारतो म्हणाले. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असणाऱ्यांनी, दुपारी झोपण्याची तयारी असणाऱ्यांनी आणि मोबाइलला रेंज नसली तरी चालणाऱ्यांनी येथे जावे. दोन खोल्यांत रेंज येत नाही, हा दोष की गुण, ते ज्याने त्याने ठरवावे. दिवसभर फिरून छायाचित्रे काढायची असतील तर दिवाळीनंतर जावे. त्या वेळी भरीतही मिळेल.

पाचव्या दिवशी पहाटे पाचला निघालो आणि साडेसहाला जळगावात पोहोचलो. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, वर दोन मजले सोडून सिमेंटची गच्ची. चार दिवस बंद असलेल्या खोलीत शिरून मी भिंतीला हात लावला, ती सकाळी सातलाही कोमट होती. आईने पिशवी खाली ठेवली, न्हाणीत जाऊन दोन बादल्या भरून झाकल्या, आणि बाहेर येऊन विचारले की इमारतीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते.